दिल्ली जवळ, काकडी लांब!
नगर जिल्ह्यातून दिल्लीला पोचायला हल्ली किती वेळ लागतो? १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. तिथून दिल्ली सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी आठशेच्या घरात, म्हणजे सव्वा तास. पण वर चढणे, खाली उतरणे धरून दोन तास मोजावेत. आणि नगर शहरातून काकडी? ऐंशी-नव्वद किलोमीटर, वेळ तोच! त्यातून दिवाळीनंतर गळीत सुरू झाले, की नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे मोटारही बैलगाडीच्या चालीने सरकते. शिवाय विमानाआधी दोन तास हजेरी हवीच. आमची लेक दिल्लीला असते. मार्गशीर्षात तिचे दिवस भरतात. सौभाग्यवतींनी फर्मान काढले आहे: विमान दुपारचे असले, तरी घर पहाटे पाचला सोडायचे.