नागपूरचा कापूस आणि लँकेशायर

वारस नाही म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये भोसल्यांचं नागपूर खालसा केलं, एवढंच आपण शाळेत पाठ करतो. पण नजर कापसावरही होती! वऱ्हाड तर आदल्याच वर्षी निजामाकडून घेतलं होतं. पुढे अमेरिकेत यादवी पेटली (१८६१–६५), तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसाकडे वळल्या. भाव कडाडले. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. गाठी थेट मुंबई बंदराकडे.

मग जमशेटजी टाटांनी कापूस पिकतो तिथंच गिरणी काढली. एम्प्रेस मिल, १ जानेवारी १८७७. व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी जाहीर झाली तोच दिवस. दलदलीची जागा भरताना पाहून एका सावकारानं पैसे नाकारले म्हणे: हा माणूस मातीत सोनं घालतोय!