पुन्हा फुललेला कापूस

संपादकांनी पाठवलं होतं ते भिलाईत पोलाद सोडून काहीतरी बघायला. पोलादाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: १९५५चा सोव्हिएत करार, १९५९च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू. त्या कारखान्याच्या वसाहतीत निवृत्त माणूस क्वार्टर सोडून गावी निघाला की दिवाण, सोफे, गाद्या इथेच विकून जातो. पॉवर हाउस भागातल्या बाजारात मी त्याच जुन्या सामानाच्या मागावर होतो. अडकलो मात्र कापूस पिंजण्याच्या मशीनपाशी.

लाकडी पेटी, आत खिळे ठोकलेला रूळ, पट्ट्यानं जोडलेली मोटर. एवढंच. उसवलेल्या खोळीतला पिवळट, गोळे झालेला कापूस एका बाजूनं आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं फुलून बाहेर पडतो. तो बघून त्याचं वय सांगावं, अशी माझी तरी छाती नाही. पिंजाऱ्याला मात्र कळतं. चिमूट ओढली की तो तंतू किती आखूड झालाय ते बघतो. दर पिंजणीला कापूस थोडा तुटतो, थोडा धूळ होऊन उडतो. मशीनमध्ये घालण्याआधी प्रत्येक गोळा तो बोटांनी चाचपतो. सेफ्टी पिन, आकडा, नाणं, काहीही निघतं. रुळाला लोखंड लागलं की ठिणगी, म्हणून पाण्याची बादली हाताशी. नाकावर फक्त गमछा. कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या रोगांच्या यादीत होता, पण दोन माणसांचं दुकान हे त्या कायद्याच्या लेखी कारखानाच नव्हतं.

पिंजाऱ्याच्या हातात खोट नाही. आपलीच गादी पिंजून घेणं ही शहाणी काटकसर. खोट पुढे होते, जुना कापूस नव्या चकचकीत खोळीत भरून 'नई गद्दी' म्हणून विकला जातो तेव्हा. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९८६च्या कायद्यातही होती. पण सिद्ध कसं करणार? बिल बहुधा नसतंच. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गादीत काय भरलंय, ते नवं की जुनं, हे सांगणारी चिठ्ठी गादीलाच शिवावी लागते, आणि जुनी गादी विकण्याआधी निर्जंतुक करावी लागते.

इथे निर्जंतुक म्हणजे ऊन. भिलाईच्या मे महिन्याचं ऊन कडक खरं, पण ढेकूण आणि त्यांची अंडी हमखास मरायला पन्नासेक अंश सेल्सियसची उष्णता गादीच्या गाभ्यापर्यंत पोचावी लागते. वरची बाजू तापली की ढेकूण खाली सरकतो; उपाशीपोटी तो महिनोन् महिने काढतो.

सोफ्याचं दुखणं वेगळंच. वर रेक्झिन, आत फोम. पॉलियुरेथेन फोम पेटला की धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. १९७९मध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फर्निचरला आग लागून दहा माणसं गेली. त्यानंतर ब्रिटननं १९८८मध्ये फर्निचरच्या आगीचे नियम कडक केले आणि १९९३पासून दुकानदारांच्या जुन्या मालालाही लावले. तिथं आगीच्या लेबलाविना आलेला सोफा धर्मादाय दुकानंही सहसा परत पाठवतात. पॉवर हाउसच्या सोफ्यावर लेबल शोधत बसू नये. त्यापेक्षा तळाचं कापड उचकटून बघावं: फोमचा भुगा होतोय का, शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके आहेत का. गादी असेल तर एक टाका उसवायला सांगावं आणि 'जुना कापूस' की 'नवा' ते कागदावर लिहून मागावं. मी मागितलं. दुकानदारानं लगेच भाव शंभरानं उतरवला. लिहून मात्र दिलं नाही.