विजासनच्या लेण्यात दिवा कुठे ठेवाल?

भद्रावतीच्या विजासन लेण्यातली दारातून सरळ आत जाणारी वाट पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमच्या नोंदीत ७१ फूट भरते. टोकाला मोठी बुद्धमूर्ती. मूळ वाटेला काटकोनात आणखी दोन वाटा फुटतात आणि त्यांच्या टोकालाही एकेक बुद्ध. नागपूरहून हौसेने गेलेला माणूस दारात उभा राहून फ्लॅश मारतो. घरी येऊन बघतो तर जवळच्या भिंती पांढऱ्याफटक आणि बुद्ध अंधारात.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. ३६ गाइड नंबरचा (म्हणजे तेवढ्या ताकदीचा) फ्लॅश आयएसओ १०० आणि एफ/८ वर साडेचार मीटरच पुरतो. आयएसओ १६०० केला तर १८ मीटर, आणि ७१ फूट म्हणजे जवळजवळ २२ मीटर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. लाखाच्या कॅमेऱ्यालाही यात सूट नाही. म्हणून हातातला जुना डीएसएलआर आणि किट लेन्सच राहू द्या. पैसे घाला ते दणकट तिपाईत आणि मॅन्युअल चालणाऱ्या दोन साध्या फ्लॅशमध्ये.

आता एकेक फ्लॅश आडव्या वाटांत, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा ठेवा. उजेड बाजूने आला की दगडावरचे छिन्नीचे घाव उठून दिसतात. रेडिओ ट्रिगर खडकाच्या वळणापलीकडे दगा देतो. तिथे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणारा ऑप्टिकल स्लेव्ह कामी येतो. टॉर्च घेताना ल्यूमेनच्या आकड्यावर भाळू नका, सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचं माप, ९०च्या वर आहे का ते विचारा. स्वस्त एलईडीत दगडाचा रंग मरतो. फ्लॅश मात्र कॅमेऱ्याच्या डोक्यावर नको: दमट गुहेत आपल्याच श्वासाची वाफ उजळते आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात.

आपल्याकडचा एक खास त्रास हिवाळ्यातला. डिसेंबरच्या पहाटे गारठलेला कॅमेरा गुहेतल्या उबदार, ओलसर हवेत काढला की काच धुरकटते. अर्धा तास तो बॅगेतच राहू द्या.

अंधारात फोटो काढण्याच्या दोन वाटा आहेत. पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहात फ्रेंच छायाचित्रकार नादारने १८६१ मध्ये विजेचे दिवे नेले. एक्स्पोजर इतकं लांब, की माणसांच्या जागी पुतळे उभे करावे लागले. उलट १९९१ च्या सुमारास छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रं फ्लॅशशिवाय, आहे त्या मंद उजेडात टिपली. मला दुसरी वाट मोठी वाटते. चित्रं असलेल्या लेण्यात फ्लॅश वर्ज्यच. वटवाघळं लटकलेली असतील तिथेही.

गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला प्रश्न वेगळा. गुहेचं तोंड प्रचंड, बाहेर ऊन आणि आत काळोख. तिपाईवरून तीन वेगवेगळी एक्स्पोजर घेऊन नंतर जुळवा. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. तेव्हा लोक पूजेला आलेले असतात, त्यांच्या तोंडावर उजेड मारू नये. आणि गुहेऐवजी वायू असलेल्या कोळसा खाणीत उतरणार असाल, तर साधा कॅमेरा नेणंच धोक्याचं, कारण ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

गुहेत शिरणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेत, एक डोक्यावर आणि दोन राखीव. फोटोचे दिवे यात धरू नका. आणि संरक्षित स्मारकात तिपाई न्यायची असेल तर निघण्याआधीच पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयात परवानगीची चौकशी करा.