ओल कशाची?

पन्हाळ्यावर पावसाळ्याचे चार महिने घरातली कुठलीही वस्तू धड कोरडी नसते. काडी ओढली तर गुलच गळून पडतो, पापड मऊ पडतात, दाराची फळी फुगून बसते. अशा घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं डायपर भिजलंय की नाही, हे वरून हात लावून ओळखायला गेलं तर माणूस फसतो. माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. भिजल्याचं तिला सांगता येत नसे आणि रात्रभर दर दोन तासांनी उठणं आम्हाला जमत नसे. पाठीला जखमा होऊ लागल्या, तेव्हा मी छापील संवेदकांबद्दल वाचायला लागलो.

छापील म्हणजे अक्षरशः छापलेले. कोल्हापुरात लग्नपत्रिका जशा स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, तसेच: चौकटीवर ताणलेली जाळी, वर शाई आणि ती ओढायला रबरी पट्टी. शाईत रंगाऐवजी कार्बनची किंवा चांदीची बारीक भुकटी असली, की छापलेल्या रेषेतून वीज वाहते. घरोघरी साखर तपासायच्या ज्या पट्ट्या असतात, त्यांतल्या कित्येकींवरच्या रेषा अशाच छापलेल्या असतात. एकदा जाळी तयार झाली की पत्रिका शंभर काढा नाहीतर दहा हजार, नगामागे खर्च किरकोळ. म्हणून वापरून फेकून द्यायच्या वस्तूत संवेदक घालण्याची कल्पना परवडू शकते.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली असं एक डायपर जाहीर केलं. त्यातली युक्ती मला फार आवडली. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगला बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओलहरींवरच तो क्षणभर जागा होतो. तसलाच एक टॅग त्यांनी डायपरमधल्या पाणी शोषणाऱ्या थराखाली बसवला. हा थर भिजला की फुगतो आणि थोडीफार वीज वाहू देतो. त्यामुळे टॅग बोलू लागतो आणि जवळच्या यंत्राला इशारा मिळतो. संवेदकाचा खर्च दोन सेंटांहून कमी, म्हणजे दीड रुपयाच्या आसपास. ते यंत्र मात्र दीड रुपयात येत नाही, हे बातमीत सहसा सांगत नाहीत.

माझ्या आवाक्यातलं काम २०२३ साली पुढे आलं. पेन स्टेट विद्यापीठातल्या गटाने कागद मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि त्यावर पेन्सिलीने रेषा काढून आर्द्रता ओळखणारा संवेदक केला. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती, आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत पण दातांना दात लागू देऊ नयेत, अशी आकृती काढायची. कागद कोरडा असेपर्यंत एका कंगव्यातून दुसऱ्यात वीज जात नाही. ओल आली की मीठ विरघळतं आणि वाट मोकळी होते.

मी ६बी पेन्सिल, जाड कागद, नऊ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर आणि बझर घेऊन बसलो. डायपरच्या मागच्या प्लॅस्टिकला चीर देऊन कागद आतल्या भरणाखाली सरकवायचा, वरून चिकटपट्टी लावायची आणि बॅटरी पलंगापासून दूर ठेवायची. उन्हाळ्यात उत्तम चाललं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दरवाज्याकडून धुकं वर आलं आणि त्या रात्री बझर थांबेचना. डायपर कोरडं ठणठणीत होतं.

कारण स्वयंपाकघरातच होतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला आपोआप पाणी सुटतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण ते दरवर्षी पाहतो. पन्हाळ्यावर आषाढात ही मर्यादा दिवसरात्र ओलांडलेली असते. म्हणजे मी धुकं मोजत होतो. तो संवेदक मुळात हवेतली आर्द्रता टिपण्यासाठीच होता, त्याचा दोष नव्हता. मग मीठच काढून टाकलं. धुक्याच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. लघवीत ते भरपूर असतात, ती स्वतःचं मीठ घेऊनच येते. साधा कागद धुक्यात गप्प राहिला आणि लघवीने भिजला की वाजला. घामाने मात्र तो अधूनमधून फसायचा.

इतकं जमल्यावर मला वाटलं, आता काळजी मिटली. श्रावणात आई दिवसभर पेंगू लागली, मला तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाका मारू लागली. ताप नव्हता. तीन दिवस आम्ही वयाचा परिणाम म्हणून सोडून दिले. पुढे अंग तापलं आणि तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. बझर त्या तिन्ही दिवशी बिनचूक वाजला होता.

संसर्ग छापील पट्टीवर ओळखण्याचे प्रयत्न झालेले आहेत. पर्ड्यू विद्यापीठात डायपरमध्ये बसणारा कागदी संवेदक केला गेला. त्याची बॅटरी लघवीनेच चालू होते आणि तो नायट्राइट शोधतो. लघवीत नायट्रेट असतंच. ई. कोलायसारखे जंतू त्याचं नायट्राइट करतात. पण यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास साठावी लागते. डायपर लागतं ते बहुतेक अशांना, ज्यांची लघवी साठतच नाही, थेंबथेंब गळते. म्हणजे जंतू असूनही पट्टी काही दाखवणार नाही. उलट डायपर तासन् तास तसंच राहिलं तर बाहेरचे जंतू तिथेच नायट्राइट करून ठेवतात आणि पट्टी खोटं बोलते. काही जंतूंना तर हे रूपांतर जमतच नाही.

याहून मोठी अडचण पुढे आहे. म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडणं नेहमीचं आहे आणि अशा वेळी प्रतिजैविकं देऊ नयेत असंच वैद्यकशास्त्र सांगतं. रोज वाजणारं यंत्र घरात आलं, की लोक दुकानातून गोळ्या आणून देतील, याची मला खात्री आहे. आपल्याकडे चिठ्ठीवाचून गोळी मिळत नाही, असं कोण म्हणेल?

आई बरी झाल्यावर मी जुनी वही काढली. बझर वाजला की वेळ लिहून ठेवायची सवय मला पहिल्यापासून होती. आजारपणाच्या आधी दोन डायपरांत तीन-साडेतीन तासांचं अंतर असायचं. ती पेंगू लागण्याच्या आदल्या दिवसापासून हे अंतर दीड तासावर आलं होतं आणि डायपर जेमतेम ओलं असायचं. थोडी थोडी आणि सारखी लघवी होणं हे तर संसर्गाचं पुस्तकातलं लक्षण. ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. एका माणसाच्या वहीवरून शास्त्र ठरत नाही, हे मान्य. पण आई पुढे दहा महिने होती, त्यात असं अंतर आणखी एकदा घटलं. तेव्हा आम्ही तिसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही.

गेल्या वर्षी गल्लीतल्या एका काकूंनी सासऱ्यांसाठी हे जोडून मागितलं. मी बझरसोबत रेघा मारलेली वही दिली. पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, वाजतच नाही. कागद घडीवर मोडून पेन्सिलीची रेघ तुटली होती. आता त्यांचा नातू दर दोन दिवसांनी नवे कंगवे काढून देतो.