शक्ती वाढविलेल्या इंजिनासाठी स्पार्क प्लगची निवड

इंजिनाची शक्ती वाढविली की ज्वलनकक्षातील उष्णताही वाढते. म्हणून कॉम्प्रेशन अथवा टर्बोचा दाब वाढविलेल्या गाडीस आम्ही मूळ प्लगपेक्षा एक पायरी ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा प्लग सुचवितो. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिल्यास काजळी धरते. ८५० अंशांच्या बरेच वर गेल्यास ठिणगीपूर्वीच इंधन पेटून पिस्टनही वितळू शकतो. जळगाव-धुळ्याच्या वैशाखातील ४५ अंशांच्या उन्हात हा धोका अधिकच. खरेदी करताना ध्यानात ठेवावे, की एनजीकेचा मोठा आकडा थंड प्लग दर्शवितो, बॉशचा मात्र गरम. गाडी वेगात चालविल्यानंतर प्लग काढून पाहावा. चिनी मातीचे टोक फिकट तपकिरी दिसल्यास निवड योग्य समजावी.