ओढ्यात पोकलेन उतरवण्यापूर्वी

ओढा जितका खोल खणावा तितकं पाणी जास्त, ही समजूत डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यापासून गावोगावी पक्की झाली. पहिल्या पावसानंतर तुडुंब भरलेला नाला पाहिला की ती खरीही वाटते. पण नाल्यात दिसणारं पाणी आणि जमिनीत मुरलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यात थरावर थर आहेत. वरचा मुरूम, झिजलेला आणि भेगाळलेला खडक पाणी धरतो. खालचा घट्ट कातळ जवळजवळ धरत नाही. नाला कातळापर्यंत खणला तर तळातून पाणी मुरायला जागाच उरत नाही. उलट काठचा मुरमाचा थर उघडा पडतो आणि शेजारच्या विहिरींना पुरणारं पाणी पाझरून नाल्यात उतरतं. नाला भरलेला दिसतो तो कधी कधी विहिरींच्याच पाण्यानं, आणि त्यातलं बरंचसं उन्हात वाफ होऊन जातं.

‘मग शिरपूरला कसं जमलं?’ हा प्रश्न हमखास येतो. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी केलेल्या नाला-खोलीकरणाच्या कामाला तापीखोऱ्यातल्या गाळाच्या जाड थरांची साथ होती. तिथे पाणी अडवणारा चिकणमातीचा थर फोडला की ते खालच्या वाळूत उतरतं. बीड-सोलापूरच्या कातळात तोच नमुना जसाच्या तसा चालत नाही. सबंध अभियानावर 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं ‘कॅग’नं 2020 मध्ये नोंदवलं. त्या खर्चात इतर कामंही होती, हे खरं. पण मुरवण्यापेक्षा खणण्याचा सोस किती वाढला होता, हे गावांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गाळ काढणं म्हणजेच खोलीकरण, हाही घोटाळा नेहमीचा. बंधाऱ्यामागे साचलेला गाळ काढणं उपयोगाचंच. ओढ्याचा मूळ तळ उकरणं हे वेगळं काम आहे, आणि बिलात मात्र दोन्ही एकाच ओळीत बसतात.

नदी सरळ केली की पूर टळतो, असं शहरात मानतात. वळणं काढली की लांबी घटते, उतार वाढतो, पाणी वेगानं धावतं. इथला पूर लवकर ओसरतो, पण खालच्या वस्तीवर तो एकदम जाऊन आदळतो. वाढलेला वेग तळही खरवडतो. ती झीज वरच्या दिशेनं सरकत पुलांच्या पायापर्यंत पोचू शकते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात किसिमी नदीचं 166 किलोमीटरचं नागमोडी पात्र पूरनियंत्रणासाठी 1962 ते 1971 या काळात 90 किलोमीटरच्या कालव्यात कोंबलं. काठच्या पाणथळी आटल्या, हिवाळी पाणपक्षी नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. शेवटी 1999 पासून कालव्याचा काही भाग बुजवून नदीला तिची वळणं परत देण्याचं काम सुरू झालं. ते 2021 मध्ये संपलं. मुंबईची मिठी तर विमानतळाच्या धावपट्टीसाठी काटकोनात वळवलेली आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात कोणतीही नदी काठ सोडेल. पण मिठीला पसरायला जागाच ठेवली नव्हती, हा दोष पावसाचा नाही.

काठाला भिंत बांधली की काम झालं, असंही नाही. भिंतीमुळे पात्र अरुंद झालं तर पुराची पातळी वर चढते, आणि काठाच्या भूजलाशी नदीची देवाणघेवाण तुटते.

तुमच्या गावात खोलीकरणाचा ठराव येणार असेल, तर ग्रामसभेत आधी तीन गोष्टी मागा: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाची पाहणी, खडकाच्या थरांची नोंद आणि काठच्या विहिरींच्या पातळ्या. आणि कामाची सुरुवात माथ्यावरच्या समतल चरांपासून करा, ओढ्याच्या तळापासून नको.