मोटार किती खालीं बसवावी?

घरांत पांच-सात वर्षें राबलेली एक लहान मोटार असते, आणि घरांतील तरुणास एके दिवशीं वाटूं लागतें कीं ही गाडी थोडी खालीं बसविली तर किती शोभेल! चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान यांमध्यें चार बोटांची जी फट दिसते ती त्याच्या डोळ्यांत सलते. वडील म्हणतात, "रस्त्यांतले खड्डे दूर आहेत म्हणून का गाडी त्यांच्या जवळ नेतोस?" श्रोतेहो, पुण्यामुंबईच्या कित्येक घरांत हा संवाद झडत असेल. शोभेचा प्रश्न मी ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडतों. मला बोलावयाचें आहे तें पैशांविषयीं. गाडी खालीं घ्यावयाचीच असें ठरलें, आणि जवळची रक्कम बेताची असली, तर ती स्प्रिंगांवर घालावी कीं शॉक ॲब्सॉर्बरवर? आणि गाडी खालीं घ्यावी ती किती?

आधीं या दोन वस्तूंचीं कामें वेगळीं केलीं पाहिजेत, कारण नांवानें येथें मोठा घोटाळा करून ठेविला आहे. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. परंतु धक्का खरोखर झेलते ती स्प्रिंग. चाक दगडावर चढलें कीं स्प्रिंग दबते आणि धक्क्याची शक्ति स्वतःमध्यें सांठविते. ही सांठवण तिला लागलीच परत करावयाची असते. कोणी अडविलें नाहीं तर ती गाडीला वर उडवील, पुन्हां खालीं आणील, आणि हा झोंपाळा पुष्कळ वेळ चालेल. तो थांबविणें हें शॉक ॲब्सॉर्बरचें, किंवा गराजांतल्या बोलींत शॉकअपचें, काम. त्याच्या नळकांड्यांत तेल असतें, तेलांत दट्ट्या असतो, आणि दट्ट्यांत बारीक वाटा असतात. त्या अरुंद वाटांतून तेलाला बळेंच सरकावें लागतें, आणि त्या खटाटोपांत हालचालीची शक्ति उष्णतेच्या रूपानें विरून जाते. खडबडीत रस्त्यावरून लांबचा प्रवास झाल्यावर शॉकअपला हात लावून पाहिला तर तो ऊन लागतो तो यामुळेंच. गाडीची उंची ठरविते स्प्रिंग. गाडीला शिस्त लावतो शॉकअप.

स्प्रिंगच्या ताठपणाचें एक सोपें माप आहे. गाडीचें वजन अंगावर पडल्यानें चाकाच्या ठिकाणीं ती किती दबते तें पाहावें. २५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदास एक हेलकावा घेते. ११ सेंटिमीटर दबत असेल तर दीड. सहाच सेंटिमीटर दबत असेल तर दोन. घरगुती गाड्या साधारणतः एक ते दीड या दरम्यान ठेविलेल्या असतात. दोनाच्या घरांत गेलें कीं मागच्या बाकावरचीं वडीलधारीं माणसें कुरकुरूं लागतात, आणि त्यांची कुरकुर रास्त असते. मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरनें १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कॅडिलॅक गाड्यांवर काम करतांना दाखवून दिलें कीं पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षां मऊ असल्या तर गाडी डुलत नाहीं; कारण उंचवटा आधीं पुढच्या चाकांना भेटतो, आणि मागचा भाग जलद हलून पुढच्यास गांठतो. पुढेंच फार ताठ असलेला एखादा स्वस्त संच बसविला कीं गाडी होडीसारखी मागेंपुढें हेलपाटूं लागते, त्याचें कारण येथें आहे.

आतां उंचीचा हिशेब करूं. उदाहरणासाठीं मारुति स्विफ्ट घेऊं. तिच्या २०१८ च्या नमुन्यांत पुढच्या व मागच्या चाकांमधलें अंतर २४५० मिलिमीटर, आणि पोटाखालची मोकळी जागा १६३ मिलिमीटर आहे. गतिरोधक कसा असावा याविषयीं इंडियन रोड्स काँग्रेसनें नियम करून ठेविला आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, आणि पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाप्रमाणें गोलसर. या गतिरोधकाच्या मध्यावर स्विफ्ट आली कीं तिचीं चारहि चाकें त्याच्याच उतारावर असतात. म्हणून माथा चाकांच्या पातळीच्या वर येतो तो अवघा ४४ मिलिमीटर. पोटाखालीं ११९ मिलिमीटर उरले. गाडी ३० मिलिमीटर खालीं घेतली तर ८९. माणसें आणि सामान बसून आणखी ३० गेले तरी जवळजवळ ६० शिल्लक. तेव्हां नियमाप्रमाणें बांधलेला गतिरोधक खालीं बसविलेल्या गाडीचा वैरी नव्हे.

वैरी आहे तो गल्लीच्या तोंडाशीं रातोरात उगवलेला, हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असा डांबराचा वरवंटा. तो दोन चाकांच्या मध्यें मावतो, आणि आपली सगळी उंची गाडीच्या पोटाखालीं उभी करतो. माणसांनीं भरलेली मूळची गाडीहि त्यावर घासते. ३० मिलिमीटर खालीं घेतलेली गाडी तर रिकामी असतांनाहि घासते. घासण्याचा केवळ आवाज होत असता तर हरकत नव्हती. परंतु इंजिनाच्या तेलाचें भांडें तळाशींच असतें. त्याला चीर गेली, तेल सांडून गेलें, आणि चालकाच्या लक्षांत आलें नाहीं, तर इंजिन आंतल्या आंत जखडून बसतें. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं एक पट्टी घेऊन आपल्या रोजच्या वाटेवरचे गतिरोधक आणि सोसायटीच्या फाटकाचा चढ मोजून यावें. एका सकाळचें काम आहे आणि फुकटचें आहे.

खालीं घेतल्यानें गाडी वळणावर घट्ट बसते असें म्हणतात. त्यांत तथ्य आहे, पण थोडें. लहान गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारें ५५० मिलिमीटरवर असतो. तो ३० मिलिमीटरनें उतरला म्हणजे वळणावर आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार शेंकडा साडेपांच कमी होतो, एवढेंच. चांगल्या टायरांनीं याहून पुष्कळ अधिक साधतें. उलट, पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीची रचना असलेल्या गाड्यांत, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्या त्याच आहेत, अति खालीं घेतल्यानें उलटाच परिणाम होतो. चाकाला धरून ठेवणारा खालचा दांडा वांकडा होऊन त्याचें बाहेरचें टोंक वर जातें. त्यामुळें गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोंवतीं कलते तो बिंदु गुरुत्वमध्यापेक्षांहि अधिक खालीं घसरतो, तरफ लांब होते, आणि खालीं बसलेली गाडी पूर्वीपेक्षां जास्त कलूं पाहते.

याहून महत्त्वाची, पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे चाकाला वर येण्यास मिळणारा वाव. समजा, मूळच्या गाडींत हा वाव ८० मिलिमीटर आहे. ३० आपण उंचींत खर्चिले, ३० माणसांच्या वजनांत गेले. राहिले २०, म्हणजे जेमतेम अंगठ्याची रुंदी. त्यानंतर रबरी ठोकळा, ज्याला गराजवाले बंप स्टॉप म्हणतात. ठोकळ्यावर टेकलेली गाडी ही स्प्रिंग नसलेली गाडी होय. घाटांतल्या वळणावर नेमका त्याच क्षणीं खड्डा आला तर चाकाची पकड हळूहळू सुटत नाहीं, एकदम सुटते. मागच्या बाकावर मुलें बसणार असतील तर हा २० मिलिमीटरांचा आंकडा विसरून चालणार नाहीं.

म्हणूनच चांगल्या कारखान्याची खालीं बसविणारी स्प्रिंग केवळ आंखूड नसते. ती अधिक ताठहि असते, म्हणजे उरलेल्या थोड्या वावांत ती अधिक भार झेलूं शकते. पुष्कळांचे कांहीं वेढे जवळजवळ गुंडाळलेले असतात. ते आधीं मिटतात आणि मग स्प्रिंग ताठ होते. तारेची जाडी येथें फार बोलते, कारण ताठपणा जाडीच्या चतुर्थ घातानें वाढतो: १२ मिलिमीटरची तार १३ केली तर इतर मापें तींच ठेवूनहि स्प्रिंग शेंकडा ३८ नें ताठ होते. जर्मनीतील आयबाख किंवा एच अँड आर यांसारख्या कारखान्यांच्या संचांबरोबर गाडी किती उतरेल तें सांगितलेलें असतें. जर्मनींत अशा संचाबरोबर बहुधा तपासणीचा दाखला येतो, आणि तो बसविल्यावर गाडी परीक्षकापुढें न्यावी लागते. बेनामी स्प्रिंग घेणाऱ्यानें निदान हे प्रश्न विचारावे: किती उतरणार? ताठपणा किती? कोणत्या सालच्या आणि कोणत्या इंजिनाच्या गाडीसाठीं? उत्तर न आल्यास दुकानाबाहेर पडावें.

आणि पैसे वांचविण्यासाठीं मूळचीच स्प्रिंग कापून आंखूड करण्याची जी युक्ति कांहीं ठिकाणीं सुचविली जाते, तिच्या वाटेस मुळींच जाऊं नये. सहा कामकरी वेढ्यांतला एक कापला कीं स्प्रिंग शेंकडा २० नें ताठ होते खरी; पण तिचें बैठकींत बसणारें टोंक नाहींसें होतें. गॅसच्या ज्योतीनें कापली किंवा तापवून बसविली तर पोलादाचें पाणी उतरतें, आणि पुढें ती केव्हां मोडेल याचा नेम नाहीं. शिवाय आंखूड झालेली स्प्रिंग, गाडी जॅकवर उचलून चाक लोंबूं लागलें कीं, बैठकींत सैल होते. कोणतीहि स्प्रिंग घ्या, चाक पूर्ण लोंबत असतांनाहि ती दोन्ही बैठकींच्या मध्यें दाबलेली राहिली पाहिजे. ही कसोटी मी सर्वांत वर ठेवतों.

आतां शॉकअप. स्प्रिंग शेंकडा ३० नें ताठ केली तर तिला पूर्वीइतकेंच आवरण्यासाठीं शॉकअपचा अवरोध शेंकडा १४ नें वाढावा लागतो; हें प्रमाण वर्गमुळाचें आहे. म्हणजे सौम्य स्प्रिंगेला मूळ प्रकारचा शॉकअप सांभाळून घेऊं शकतो, मात्र तो नवा किंवा धडधाकट असला पाहिजे. सात वर्षांचा, बाहेरून तेल पाझरत असलेला, किंवा ज्याच्या चाकाच्या टायरावर ठिकठिकाणीं वाटीसारखे खळगे पडूं लागले आहेत असा शॉकअप मूळच्या मऊ स्प्रिंगेलाच आवरत नाहीं. तो नव्या ताठ स्प्रिंगेस काय आवरणार? बिलस्टाइनच्या मालांत हा भेद चांगला दिसतो: बी-४ मूळ गाडीच्या जागीं बसणारा, बी-६ त्याच लांबीचा पण अधिक कडक, आणि बी-८ खालीं घेतलेल्या गाडीसाठीं मुद्दाम आंखूड केलेला. आपल्या गाडीसाठीं आंखूड शॉकअप मिळत नसेल तर स्प्रिंगेनें २५ मिलिमीटरपलीकडे उतरूं नये, असें माझें मत आहे. स्प्रिंगा जुन्या घेतल्या तरी एक वेळ चालेल, गंज आणि चिरा मात्र नीट पाहाव्या. शॉकअप जुना कधींहि घेऊं नये, कारण त्याचें आयुष्य आंतल्या तेलांत आणि सीलांत असतें आणि तें बाहेरून दिसत नाहीं. उंची वरखालीं करतां येणारे, अतिशय स्वस्त म्हणून विकले जाणारे संच मोहक असतात. पण त्यांत पैसा चकचकीत आट्यांवर गेलेला असतो, आंतल्या झडपांवर नव्हे.

केवळ एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर चार शॉकअप घ्यावे आणि मूळच्या स्प्रिंगा तशाच राहूं द्याव्या. गाडी दिसेल पूर्वीसारखीच, पण चालवितांना नवी वाटेल. दोहोंपुरते पैसे जमले तर दोन्ही एकदमच बसवावे, कारण पुढची मजुरी दोन वेळां देण्यांत अर्थ नाहीं. त्याच वेळीं वरचे रबरी माउंट, धूळ अडविणारें आवरण आणि बंप स्टॉप हींहि बदलून घ्यावीं. चाकांच्या अलाइनमेंटचा खर्च आरंभींच बाजूस काढून ठेवावा. तें न केल्यास नव्या टायरांची आंतली कड कांहीं हजार किलोमीटरांतच उघडी पडते, आणि मग खरा खर्च सुरू होतो.

कायद्याचीहि एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं दिलेल्या निकालांत या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. म्हणून आर.टी.ओ.चें आणि विमा कंपनीचें म्हणणें आधीं लेखी घ्यावें. अपघातानंतर विम्याचा प्रतिनिधि गाडीखालीं वांकून पाहतो तेव्हां तोंडी आश्वासनें कामीं येत नाहींत.

बसविण्याचें काम घरीं करूं नये. मिलिमीटरमागें दोन किलो भार घेणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबून धरली म्हणजे तिच्यांत सांठलेली शक्ति साडेबावीस किलोचें वजन एक मीटर उंचीवरून कोसळावें तितकी असते, आणि ती शिकंज्यांतून निसटली तर समोर बहुधा माणसाचा चेहराच असतो. कारागिरास एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी: रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतांनाच शेवटचे आवळावे. चाकें लोंबत असतां आवळले तर रबर कायमचें पिळलेलें राहतें व लवकर फाटतें. नव्या स्प्रिंगा पहिले कांहीं दिवस किंचित् बसतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनीं उंची चारहि कोपऱ्यांवर पुन्हां मोजून अलाइनमेंट तपासून घ्यावी. आणि पुढचा भाग मागच्यापेक्षां अधिक उतरला असेल तर दिव्यांचा झोत जवळच पडूं लागतो, तेव्हां रात्रीं गाडी सपाट जागीं भिंतीसमोर उभी करून दिवेहि नव्यानें लावून घ्यावे.